राक्षस कुजबुजला तरी चालेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत श्राव्य विज्ञाननाट्यांवरचा लेख वाचला. कालप्रवास आणि अक्राळविक्राळ प्राणी मराठीत ऐकवायचे तर परदेशी निर्मात्यांसारखे दणदणीत ध्वनिपरिणाम हवेत, असा त्याचा एकूण सूर होता. आम्ही ध्वनिसंकलनाचं काम करतो आणि आमचं म्हणणं उलट आहे. दणदणाट वाढवला की प्राणी लहान होत जातो. लेखात दाखला दिला होता 'डॉक्टर हू' या कालप्रवासावरच्या ब्रिटिश विज्ञानमालिकेचा, तर तिचाच कारभार जरा जवळून पाहू.

ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसी दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि १९८९मध्ये थांबली, ती २००५मध्ये पुन्हा सुरू झाली. 'बिग फिनिश' या ब्रिटिश कंपनीने जुलै १९९९पासून तिची श्राव्य नाटकं काढायला घेतली. मुख्य मालिकेतच २०२१पर्यंत २७५ प्रकाशनं झाली. नेहमीचा साचा म्हणजे साधारण २५ मिनिटांचे चार भाग. आवाजाचा वारसा मात्र त्याहून जुना, बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिपरिणाम तयार करणाऱ्या विभागाचा. हा विभाग १९५८ साली सुरू झाला. मालिकेतल्या कालयानाचा तो प्रसिद्ध कण्हल्यासारखा आवाज ब्रायन हॉजसन यांनी काढला तो उघड्या पडलेल्या जुन्या पियानोच्या खर्जाच्या तारांवर घराच्या दाराची किल्ली घासून. मग टेप उलटी चालवली, वेग बदलला, प्रतिध्वनी चढवला. खर्च जवळजवळ शून्य.

आता डालेकचा, म्हणजे मालिकेतल्या यांत्रिक कवचातल्या शत्रूचा आवाज. मराठीत त्याची नक्कल सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात जास्त फसतेही. तो रिंग मॉड्युलेटरमधून येतो, आणि रिंग मॉड्युलेटर म्हणजे निव्वळ गुणाकार. नटाचा आवाज ३० हर्ट्झच्या साइन लहरीने गुणला की त्यातल्या प्रत्येक कंपनाच्या जागी दोन उभी राहतात, एक ३०ने वर आणि एक ३०ने खाली. ३०० हर्ट्झ असेल तर तिथे २७० आणि ३३० येतात, ३०० उरतच नाही. मूळ स्वर गायब होतो, म्हणून कानाला माणूस सापडत नाही. ऑडॅसिटी या ध्वनिसंकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पुष्कळजण यासाठी ट्रेमोलो लावतात. ट्रेमोलोत पातळी फक्त खाली-वर होते, मूळ कंपन जागेवरच राहतं, आणि ऐकताना कुणीतरी टेबलफॅनसमोर तोंड धरून बोलतंय असं वाटतं. त्याऐवजी नायक्विस्ट प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे त्याच सॉफ्टवेअरमधल्या आदेश लिहायच्या चौकटीत, ३० हर्ट्झच्या लहरीने गुणण्याचा एका ओळीचा आदेश द्यावा.

पण अर्धं काम नटाचं. मुळात हा आवाज पीटर हॉकिन्स आणि डेव्हिड ग्रॅहम यांनी दिला, आणि त्याची लकब यंत्रात नसून बोलण्यात आहे. अक्षरं सुटी करायची, स्वर ताणायचे, सूर एका पट्टीवर धरायचा आणि संताप आला की पट्टीच वर न्यायची. नेहमीच्या बोलण्यासारखा सूर हलला की गुणाकारातून आलेली कंपनंही डगमगतात आणि शब्द चिखलात जातात. खर्जातला, १०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज दिला तर तळाशी ७० आणि १३०ची गुरगुर साचते. भारदस्त आवाजाचा नट राक्षसासाठी निवडणं ही इथे चूक ठरते, थोडा चढा आणि धारदार गळा हवा. शिवाय हा नट स्वतंत्र खोलीत बसवावा. त्याच्या माइकमध्ये शेजारच्याचा आवाज शिरला तर तोही गुणला जातो, आणि मग नायकच मधूनमधून डालेक होतो.

बाकी प्राण्यांसाठी स्वयंपाकघर पुरतं. दह्यात कालवलेला भात माइकपासून चार बोटांवर हाताने मळला की लिबलिबीत चाल मिळते. हाड मोडायचं तर ऊस मोडावा, पापड नको, तो फार पातळ वाजतो. हे आवाज निम्म्या वेगाने चालवायचे असतील तर ध्वनिमुद्रण ९६ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ९६ हजार नमुने घेऊन करा. ४८वर केलेलं निम्म्या वेगाने चालवलं की १२ किलोहर्ट्झच्या वर काहीच उरत नाही आणि प्राणी घोंगडी पांघरून आल्यासारखा वाटतो. अर्थात माइकनेही वरचं टिपलेलं हवं. बोलणाऱ्या प्राण्याचा आवाज चारेक अर्धस्वरांपेक्षा खाली नेऊ नये, कारण मराठीतले 'त' आणि 'थ', 'ट' आणि 'ठ' तिथे एकमेकांत मिसळू लागतात. समजलंच नाही तर धमकी कसली?

हे सगळं झालं तरी संहिता कच्ची असेल तर उपयोग नाही. "अरे बापरे, तो बघ, तीन डोळ्यांचा हिरवा प्राणी माझ्याकडे सरपटत येतोय!" हे वाक्य वेगवेगळ्या कपड्यांत प्रत्येक तिसऱ्या संहितेत भेटतं. प्राणी अंगावर येत असताना कुणी त्याचे डोळे मोजत नाही. त्यापेक्षा हे पाहा: "दार लाव." "लावलंय." "मग मागून ढकलतंय कोण?" इथे ध्वनिपरिणाम म्हणून लाकडाची एक करकर पुरे. आमची एक साधी पद्धत आहे. आधी फक्त संवाद जोडायचे, संगीत नाही, परिणाम नाहीत, आणि ते अंधारात ऐकायचे. त्या अवस्थेत भीती वाटली नाही तर संहिता लेखकाकडे परत.

बिग फिनिशच्या १९९९च्याच 'व्हिस्पर्स ऑफ टेरर' या नाटकात प्राणी शुद्ध ध्वनीचाच बनलेला आहे. म्हणजे श्रोता ज्यातून नाटक ऐकतो त्यातच शत्रू. पडद्यावर ही कल्पना पांगळी झाली असती. आपल्याकडे नभोनाट्याची एवढी परंपरा असताना अशी माध्यमातून उगवलेली कल्पना सोडून आपण पडद्यावरचा राक्षस कानात कोंबायला का बघतो, कळत नाही.

कालप्रवासाची अडचण वेगळी. श्रोत्याला पाटी दिसत नाही, तेव्हा प्रत्येक काळाला स्वतःचा अखंड तळध्वनी द्यावा लागतो. २००१च्या 'स्टॉर्म वॉर्निंग'ची कथा आर-१०१ या ब्रिटिश हवाई जहाजावर, म्हणजे वायूच्या बळावर तरंगणाऱ्या महाकाय वायुनौकेवर घडते. हे जहाज कराचीला निघालं होतं आणि ५ ऑक्टोबर १९३०च्या पहाटे फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळलं. ५४पैकी ४८ जण गेले. अशा प्रसंगाला पाच डिझेल इंजिनांची घरघर आणि ताणलेल्या कापडाची फडफड एवढा तळ पुरतो. तो संवादाच्या १८ ते २० डेसिबल खाली ठेवावा. काळ बदलताना एक तळ हळूहळू विरवून दुसरा आणू नये, त्याने नुसती जागा बदलल्यासारखी वाटते. पहिला तळ कापावा, अर्धा सेकंद निखळ शांतता ठेवावी, मग दुसरा सुरू करावा. तीन वेळा असं केलं की चौथ्या वेळी कुणी "आपण कुठल्या साली आलो?" असं विचारायची गरज राहत नाही. याहून धाडस पाहायचं तर २००३चं 'फ्लिप-फ्लॉप' ऐका. दोन सीडी, कोणतीही आधी लावा, गोष्ट पुरी होते.

ध्वनिमुद्रणाचं थोडक्यात सांगायचं तर आवाज कोरडा घ्यावा, तोंडापासून वीतभर अंतरावर, सर्वांत मोठी किंकाळी उणे ६ डेसिबलच्या आत. गुहेचा घुमारा नंतर चढवता येतो, खोलीचा घुमारा नंतर काढता येत नाही. संहितेची पानं सुटी ठेवावीत, टाचलेली पानं उलटतानाचा आवाज माइक हमखास टिपतो. प्रत्येक सत्रात रिकाम्या खोलीची मिनिटभर शांतता मुद्रित करावी, नाहीतर संकलनात वाक्यांमध्ये भोकं पडतात. शेवटची पातळी स्टिरिओसाठी उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) ठेवावी आणि तपासणी भारी हेडफोनवर न करता लोकलच्या गर्दीत, साध्या इअरफोनवर करावी. तिथे कुजबुज ऐकू आली नाही तर संगीत खाली घ्या, कुजबुज वर नेऊ नका.

एक विनंती. 'डॉक्टर हू'चं शीर्षकसंगीत रॉन ग्रेनर यांनी लिहिलं, पण टेपचे तुकडे कापून-जोडून ते प्रत्यक्षात आणलं डेलिया डर्बीशायर यांनी. पडद्यावर त्यांचं नाव यायला २०१३चा सुवर्णमहोत्सवी भाग उजाडावा लागला, तोवर त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. आपल्या पुरवणीत श्राव्य नाटकांची परीक्षणं येतात, त्यांत लेखक आणि नट यांची नावं असतात. ध्वनिसंयोजकाचंही एक नाव छापावं.

आपले,
ध्वनिसंकलनाचं काम करणारे दोन वाचक, पुणे