न दिसलेली महाधमनी ‘नॉर्मल’ कशी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पोटातल्या महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, येणाऱ्या फुग्यावरचा कालच्या आरोग्य पुरवणीतला ‘पोटातला टाइमबॉम्ब’ हा लेख वाचला. मथळा झकास. सल्ला मात्र काय, तर ‘पोटात ठोके जाणवले की लगेच डॉक्टर गाठा’! अहो, शिडशिडीत माणूस उताणा झोपला की बेंबीच्या वर ठोके हाताला लागतातच. आणि ज्याची महाधमनी खरंच फुगली आहे, त्याला बहुतेक वेळा ती फुटेपर्यंत काही कळत नाही. म्हणजे धडधाकट माणसं रांगेत आणि ज्यांनी जायला हवं ते घरी.

हा फुगा सोनोग्राफीत मोजून सापडतो. महाधमनीचा व्यास पोटात साधारण २ सेंमी असतो. ३ सेंमी किंवा जास्त भरला की फुगा. पण मोजतो कोण? कुठलाही ‘होल अ‍ॅब्डोमेन’चा (पूर्ण पोटाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट काढून बघा. प्रोस्टेट तिन्ही बाजूंनी मोजलेली, किडन्या मिलिमीटरपर्यंत, आणि महाधमनीपुढे एकच शब्द: ‘नॉर्मल’. तोही बहुधा टेम्प्लेटमधला, म्हणजे आधीच टाइप करून ठेवलेला. अडुसष्ट वर्षांच्या, जन्मभर बिडी ओढलेल्या गृहस्थांचा असाच एक रिपोर्ट आत्ता समोर आहे. प्रोस्टेट ३८ ग्रॅम, महाधमनी ‘नॉर्मल’, आणि दोन ओळी खाली ‘गॅसमुळे पोटाचा मधला भाग नीट दिसला नाही’. जी दिसलीच नाही ती नॉर्मल कशी ठरली, हे त्या केंद्रालाच ठाऊक. गर्भलिंग निदान बंदी कायद्याखाली गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी भरायच्या एफ फॉर्ममधला रकाना चुकला तर मशीनला सील लागतं. इथे आकडाच नाही, तरी कुणी हूं की चूं करत नाही.

मोजायला पाच मिनिटं पुरतात. पेशंट सहा तास उपाशी हवा. छातीच्या पिंजऱ्याखालून सुरुवात करून बेंबीपाशी महाधमनीच्या दोन फांद्या होतात तिथपर्यंत प्रोब (सोनोग्राफी मशीनचा पोटावर फिरवायचा भाग) न्यायचा. गॅस आड आला तर प्रोब हलक्या दाबाने धरून ठेवायचा, नाहीतर पेशंटला कुशीवर वळवायचं. व्यास पुढून मागे, नळीला काटकोनात. छेद तिरका गेला की आकडा फुगतो. उलटी चूक जास्त घातक. फुग्याच्या भिंतीला आतून रक्ताची गुठळी चिकटलेली असते. रंगीत डॉपलरमध्ये फक्त वाहतं रक्त मोजलं, तर ५ सेंमीचा फुगा ३ चा दिसतो. मोजमाप भिंतीपासून भिंतीपर्यंत, गुठळीसकट.

‘फुगा दिसला की ताबडतोब शस्त्रक्रिया’ हे तुमचं वाक्यही चुकीचं. ४ ते ५.५ सेंमीच्या फुग्यांवर घाईने शस्त्रक्रिया करून आयुष्य वाढत नाही, हे ब्रिटनमधल्या चाचणीतून १९९८ सालीच पुढे आलं. पुरुषांत ५.५, बायकांत ५ सेंमीपर्यंत सहसा नियमित सोनोग्राफी करत थांबतात, शक्यतो त्याच पद्धतीने मोजून. दोन वेगळ्या माणसांच्या मोजण्यात काही मिलिमीटरचा फरक सहज पडतो. बिडी-सिगारेट मात्र त्याच दिवशी बंद. ब्रिटनमध्ये ६५ व्या वर्षी प्रत्येक पुरुषाला या एका मोजणीसाठी बोलावतात. आपल्याकडे असा राष्ट्रीय कार्यक्रम नाही, निदान होत असलेल्या सोनोग्राफीत तरी आकडा लिहा.

आणि मुतखडा! साठीपुढच्या, तंबाखू ओढणाऱ्या पुरुषाच्या डाव्या कुशीत पहिल्यांदाच कळ आली, तर मुतखडा म्हणण्याआधी महाधमनी बघायची. फुटलेल्या फुग्याचं रक्त पाठीमागच्या पडद्याआड काही वेळ थोपून राहतं. तेवढ्यात मुतखडा समजून भराभर सलाइन दिलं, की रक्तदाब चढून ते थोपलेलं रक्तही सुटू शकतं.

आइन्स्टाइन ‘शस्त्रक्रियेनंतर दगावले’ हे कुठून आणलंत? १९४८ साली सर्जन निसेन यांनी त्यांच्या फुगलेल्या महाधमनीला आधार म्हणून सेलोफेन गुंडाळलं, त्यानंतर ते सहा वर्षांहून अधिक जगले. एप्रिल १९५५ मध्ये फुगा फुटला तेव्हा त्यांनी शस्त्रक्रियेला साफ नकार दिला होता.

लेखाखालीच ‘फुल बॉडी चेकअप’ची अर्ध्या पानाची जाहिरात होती, सगळ्या चाचण्या रक्ताच्याच. कितीही बाटल्या रक्त काढा, हा फुगा त्यात दिसत नाही.

– एक निवृत्त सोनोलॉजिस्ट

ता. क. पत्र कापायचं तर खुशाल कापा, पण सेंमीचं मिमी करू नका.