तुम्ही खुर्ची वळवलीत, त्याबद्दल

दादा,

परवा माझा लॅपटॉप ठीक करून तुम्ही निघालात तेव्हा घसा दाटून आला होता, नीट आभारही मानता आले नाहीत. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मला लहानपणापासून ऐकू येत नाही. मेसेज आला, मीटिंग सुरू झाली, बॅटरी संपत आली, हे इतरांना आवाजावरून कळतं. मला कळतं ते स्क्रीनच्या कोपऱ्यात उगवणाऱ्या चौकोनावरून. जुन्या लिनक्स लॅपटॉपवर मी एक्सएफसीई हा डेस्कटॉप सोडून आयथ्रीवर, म्हणजे खिडक्या मांडणाऱ्या साध्या प्रोग्रॅमवर आले, सगळं मनासारखं मांडलं, नोटिफिकेशनचे चौकोन दाखवायला डन्स्ट नावाचा प्रोग्रॅम टाकला आणि तीन आठवडे एकही चौकोन दिसला नाही. कामाच्या दोन मीटिंगा चुकल्या.

आधी ज्यांना विचारलं, त्यांतल्या एकाने ‘विंडोज टाकून घ्या’ म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्याचं उत्तर आलं, ‘टाइप करायला वेळ नाही, फोन करा.’ ऐकू येत नाही हे मी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. तो राग अजून उतरलेला नाही.

तुम्ही ऑफिस सुटल्यावर थेट घरी आलात. बसण्याआधी वर ट्यूबलाइटकडे पाहिलंत आणि खुर्ची वळवून घेतलीत, उजेड तुमच्या तोंडावर पडेल अशी. मी ओठ वाचते हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तासभर कीबोर्डवर काम केलंत, पण बोलायचं असलं की आधी हात थांबायचे, मान वर व्हायची, मग शब्द. एकदाही चुकला नाहीत. इतकं भान सख्ख्या माणसांनाही राहत नाही, दादा.

बिघाड तसा साधाच निघाला. डी-बसवर, म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांना निरोप देतात त्या वाटेवर, नोटिफिकेशन घेण्याचा मान एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो आणि तो एक्सएफसीईचा नोटिफिकेशन दाखवणारा जुना प्रोग्रॅम, नोटिफायडी, आधीच बळकावून बसला होता. त्यात ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू. आलेलं सगळं तो मुकाट गिळत होता.

मग तुम्ही नोटिफाय-सेंड, म्हणजे नोटिफिकेशन पाठवून पाहायची कमांड, चालवलीत. लोक तिथे ‘टेस्ट’ लिहितात. माझ्या स्क्रीनवर आलं, ‘ताई, दिसतंय का?’ तेही ‘क्रिटिकल’ करून, म्हणजे मी क्लिक करेपर्यंत न जाणारं. मी बराच वेळ क्लिक केलं नाही. तुम्हीही घाई केली नाहीत.

त्या दिवशी चहासुद्धा न घेता गेलात. रविवारी या, आई थालीपीठं लावणार आहे. निघताना मेसेज तेवढा टाका. आता मला दिसेल.

तुमची ताई