मुलींचं गणित तिसरीतच सावरा: इटलीच्या शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. जुझेप्पे वाल्दितारा,
शिक्षणमंत्री, इटली

सादर नमस्कार.

मी तोरिनोत राहणारी एक मराठी आई. माझी मुलगी इथल्याच सरकारी शाळेत शिकते. या पत्राची इटालियन प्रत आपल्या मंत्रालयाकडे पाठवते आहे. मराठीत अशासाठी लिहिलं की इथे मुली वाढवणाऱ्या आमच्या घरांमध्येही यावर बोलणं व्हावं.

पंधरा वर्षांच्या मुलामुलींची ‘पिसा’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी 2022 मध्ये झाली. गणितात इटलीला 471 गुण मिळाले, फिनलंडला 484. या 13 गुणांच्या आत जरा डोकावून बघा. दोन्ही देशांचे मुलगे जवळपास बरोबरीत आहेत, 482 च्या आसपास. इटलीच्या मुली मात्र मुलग्यांच्या 21 गुण मागे आहेत आणि फिनलंडच्या मुली मुलग्यांच्या 5 गुण पुढे. म्हणजे दोन देशांमधला अख्खा फरक मुलींच्या गुणांचा आहे.

फिनलंडचं सगळंच उचला, असं माझं म्हणणं नाही. 2003 मध्ये त्यांचे 544 गुण होते. तिथून ते बरेच घसरले आणि त्यात मुलगे जास्त घसरले. पण मुलींना गणित मुळातच जमत नाही, असं ज्यांना अजूनही वाटतं, त्यांनी ते 5 गुण डोळ्यांसमोर ठेवावेत.

फिनलंडमध्ये नववी संपेपर्यंत सगळे एकाच प्रकारच्या शाळेत शिकतात. इथे तेराव्या-चौदाव्या वर्षी वाट ठरते. लिचेओ शियेंतिफिकोत, म्हणजे विज्ञानाच्या उच्च माध्यमिक शाखेत, पहिली दोन वर्षं आठवड्याला गणिताचे 5 तास; लिंग्विस्तिकोत (भाषांची शाखा) आणि शिएन्झे उमानेत (मानव्यविद्यांची शाखा) 3 तास, पुढे तर 2 च. या दोन्ही शाखांचे वर्ग मुलींनी भरलेले असतात. ही वाट मुली पूर्णपणे आपखुशीने निवडतात का? अर्थतज्ज्ञ मिकेला कार्लाना यांनी उत्तर इटलीतल्या शाळांचा अभ्यास करून 2019 मध्ये दाखवून दिलं, की गणिताच्या शिक्षकाच्या मनात, त्याच्याही नकळत, ‘गणित मुलग्यांचं’ हा समज घट्ट असेल तर त्याच्या वर्गातल्या मुली अधिक मागे पडतात, त्यांचा स्वतःवरचा विश्वास कमी होतो आणि त्या सोप्या शाखांकडे वळतात. त्याच शिक्षकांचा सल्ला शाळेकडून घरी येतो, आणि आमच्यासारखे परदेशातून आलेले आईबाप तो शिरसावंद्य मानतात. कारण इथली व्यवस्था आम्हाला ठाऊकच नसते.

पण मुळात दरी त्याच्या कितीतरी आधी पडते. इनव्हाल्सीच्या, म्हणजे देशभरातल्या शाळांमध्ये होणाऱ्या राष्ट्रीय, चाचण्यांत ती प्राथमिक दुसरीपासून दिसते आणि वर्षागणिक रुंदावते. आपल्या काळात, 2023 च्या कायद्याने, 4 ते 11 फेब्रुवारी हा विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताचा राष्ट्रीय सप्ताह ठरला. हेतू चांगलाच आहे. पण 2024 मध्ये पुढच्या शाखेच्या प्रवेशनोंदणीची मुदतच 10 फेब्रुवारीला संपत होती. तोवर तेरा वर्षांच्या मुलीने आपल्याला गणित येत नाही हे मनाशी ठरवून टाकलेलं असतं.

इलाज आपल्या घरातच आहे. आमच्या तोरिनो प्रांतात तिसरीच्या वर्गांमध्ये एक प्रयोग झाला: गणिताचे फक्त 15 तास, पण मुलांनी गटात बसून, हाताने करून बघत, चुकत, एकमेकांना समजावत शिकायचं. मुलींचं गणित सुधारलं, दरी बरीच कमी झाली आणि मुलग्यांचं काहीही नुकसान झालं नाही. 15 तास! एवढं तर कोणत्याही शाळेच्या वेळापत्रकात बसतं.

माझी मागणी साधी आहे. हे 15 तास देशभरातल्या प्रत्येक तिसरीला द्या, त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण द्या आणि सुरुवात दक्षिणेकडच्या शाळांपासून करा. शाखेचा सल्ला घरी पाठवताना मुलीचे इनव्हाल्सीचे गुण त्याच कागदावर छापा, म्हणजे गुण एक सांगत असतील आणि सल्ला दुसरंच, तर आईबापांना विचारता येईल. हे कोणत्या शैक्षणिक वर्षापासून सुरू होईल, ते कृपया लेखी कळवावं.

आपली,
तोरिनोतील एक पालक