गाडी बांधली कुणी ते पण छापा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमध्ये विकायला काढलेल्या 1934 च्या रोल्स-रॉइस 20/25 वर अर्धं पान आलं होतं. वाचलं, फोटो तर दोनदा बघितले. आधीचे मालक किती, रंग कोणता, सीटचं लेदर कसं, बोनेटवरची परी कशी चमकते, सगळं आहे, फक्त गाडी बांधली कुणी तेवढंच कुठे नाही, आणि वर ठोकून दिलंय की "रोल्स-रॉइसच्या कारखान्यात हाताने घडवलेली". मी धंद्याने सुतार, काही वर्षं इंग्लंडमध्ये एका वर्कशॉपला अशाच जुन्या गाड्यांच्या लाकडी सांगाड्यांवर काम केलंय, त्यामुळे राहवलं नाही.

त्या काळात रोल्स-रॉइस पूर्ण गाडी विकतच नव्हती हो. डर्बीच्या कारखान्यातून निघायची ती चासी, म्हणजे खालची फ्रेम, इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, स्टिअरिंग, चाकं. दारं नाहीत, छप्पर नाही, टेस्ट घेणारा ड्रायव्हर कामचलाऊ सीट टाकून तशीच उघडी चासी रस्त्यावर पळवायचा. मग गिऱ्हाईक ठरवणार वरची बॉडी कुणाकडून करून घ्यायची ते. हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड, एच. जे. मुलिनर, थ्रप अँड मेबर्ली, गर्नी नटिंग अशी बॉडी बांधणारी बरीच घरं होती, त्यातलं बार्कर तर 1710 पासूनचं, म्हणजे घोडागाड्या बांधणारे लोक हे. त्यामुळे एकाच 20/25 च्या चासीवर कुणाची ड्रायव्हरच्या मागे काच असलेली लिमोझिन, कुणाची दोन दारांची कूपे, कुणाची साधी सलून, म्हणजे बंद छपराची चार दारांची गाडी. नुसतं "20/25" म्हटलं की अर्धीच गाडी सांगितली, उरलेल्या अर्ध्या गाडीवरच खरं तर आपण "काय देखणी आहे" म्हणतो आणि तिच्या कारागिराचं नाव मात्र गायब.

बरं, नाव नुसतं मानपानासाठी नकोय. अशा गाडीची बॉडी म्हणजे आत अ‍ॅश लाकडाचा सांगाडा आणि वरून बहुतेक ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, हाताने ठोकून आणि दोन चाकांमध्ये पत्रा दाबणाऱ्या मशीनमधून पुन्हापुन्हा फिरवून गोलाई दिलेला. अ‍ॅश का, तर हे लाकूड चिवट असतं, लवतं पण तुटत नाही, आणि चासी खड्ड्यात पिळवटली की बॉडीला थोडं लवावंच लागतं. पण अ‍ॅशला ओल सोसत नाही. छपराच्या जोडातून किंवा काचेच्या रबरातून पाणी आत उतरतं, दाराच्या तळाची निचऱ्याची भोकं बुजलेली असतात, पाणी पत्र्याच्या आड साचून राहतं, स्क्रू गंजतात, त्यांच्या भोवतीचं लाकूड मऊ पडतं, आणि बाहेरून बघाल तर आरशासारखा रंग! आमच्याकडे एकदा एक सलून आली होती, मालक म्हणाला फक्त मागचं दार खडखडतंय, बाकी गाडी एकदम टॉप, नुकतीच रंगवून घेतलीय. मी आतलं अस्तर काढलं, बिजागरीच्या खांबाला हात लावला तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा तुकडा हातात आला, मग त्याच्या खालची आडवी पट्टी, मग चाकावरची कमान, करत करत मागचा सगळा अर्धा भाग उघडावा लागला. दाराचं काम म्हणून आलेली गाडी जवळजवळ वर्षभर आमच्याकडे राहिली. मालक दर महिन्याला यायचा, सांगाड्याकडे बघायचा, आणि काही न बोलता जायचा.

म्हणून कुणी अशी गाडी बघायला जात असेल तर इंजिनचा आवाज नंतर ऐका, आधी दार उघडा. उघडल्यावर दार खाली झुकतं का, कुलपाच्या पट्टीवर घासल्याचा ओरखडा आहे का, दाराची कड धरून हलकेच वर उचलली तर हलतं का ते बघा. हललं तर एक तर बिजागरीची पिन झिजलीय (स्वस्तात सुटलात) नाहीतर खांब गेलाय. इंजिनला तसं बरंच काही करता येतं, ब्लॉकच्या मागच्या भागात पाण्याच्या वाटेत गाळ साचून ही इंजिनं तापतात, पण साफ करता येतं, पार्टही मिळतात. सांगाडा मात्र जुन्या तुकड्यावरून माप घेत, एकेक खाच आणि कुसू हातानेच करावं लागतं, शेकडो तास जातात.

लेखातल्या दोन-तीन गोष्टी जाता जाता. कंपनीचे एक संस्थापक रॉइस 1933 मध्ये वारले म्हणून दुखवटा पाळायला बॅजवरची लाल अक्षरं काळी केली, ही गोष्ट विकणारे हमखास सांगतात, पण काळं करायचं आधीच ठरलं होतं, लाल रंग बॉडीच्या रंगांशी विजोड दिसायचा म्हणून. दुसरं, ब्रिटनमधले जाणकार व्हिंटेज म्हणतात ते 1930 पर्यंतच्या गाडीला, 1934 ची त्यात बसत नाही. आणि "चासी आणि इंजिनचे नंबर जुळतात" याचा अर्थ दोन्ही नंबर सारखेच असा नाही, ते वेगवेगळ्याच पद्धतीचे असतात. कारखान्याच्या जुन्या नोंदींत त्या चासीबरोबर तेच इंजिन लिहिलेलं आहे का, हे बघायचं. त्या नोंदी आज रोल्स-रॉइसप्रेमींच्या क्लबकडे आहेत, नॉर्थम्पटनशायरमधल्या पॉलर्सपरी गावात, आणि पहिलं गिऱ्हाईक कोण, बॉडी कुणाकडे पाठवली तेही त्यात सापडतं. म्हणजे तुमच्या वार्ताहराला विचारायला जागा होती!

पण मला खरी बोचली ती लेखाची शेवटची ओळ, "नव्या मालकाने सलूनऐवजी ओपन टूररची बॉडी चढवली तर गाडी आणखी देखणी दिसेल, भावही वाढेल". टूरर म्हणजे वर पक्कं छप्पर नसलेली उघडी गाडी. भाव वाढेलही, खोटं नाही. युद्धानंतर या मोठाल्या बंद गाड्या कुणाला नको होत्या, कितीतरी गाड्यांच्या शववाहिका झाल्या, आणि पुढे किंमत आल्यावर कुजलेलं सलून काढून नवी उघडी बॉडी चढवायची पद्धतच पडली. बॉडी साफ गेलेली असेल आणि नवी आहे असं सरळ सांगून विकत असाल तर माझी तक्रार नाही, मीही अशा दोन टूररना लाकूड घातलंय, पोट आहे. पण फोटोतली गाडी तशी दिसत नाही. चारही दारांच्या फटी सरळ आहेत, छपराची रेघ कुठे बसलेली नाही, म्हणजे नव्वद वर्षं टिकलेला धडधाकट सांगाडा आणि तो भंगारात काढा म्हणायचं? परत करून द्यायला ती घरंही उरली नाहीत. 1946 ला रोल्सच्याच मालकीच्या बेंटलीच्या मार्क सिक्स गाडीला प्रेसमधून काढलेली तयार स्टीलची बॉडी आली तिथून या कामाला उतरती लागली, पार्क वॉर्ड आणि मुलिनर रोल्सनेच विकत घेऊन 1961 मध्ये एक करून टाकली, हूपरने 1959 मध्ये बॉडी बांधणं थांबवलं, आणि 1965 च्या सिल्व्हर शॅडोला तर वेगळी चासीच नाही, मग बॉडी बसवणार कशावर.

तर एवढं करा. विकणाऱ्याशी तुमचं बोलणं झालेलंच आहे, त्याला सांगा की पुढचं दार उघडून खाली उंबऱ्याच्या पट्टीचा फोटो काढून पाठव. चढताना पाय लागतो तिथे बॉडी बांधणाऱ्याची छोटी पाटी असते, पुष्कळदा पॉलिश करून करून अक्षरं पुसट झालेली असतात पण वाचता येतात. ते नाव पुढच्या रविवारी छापा, दोन ओळींची दुरुस्ती म्हणून छापलंत तरी चालेल.

आपला,
एक वाचक (आणि सुतार)