तक्रार: फाटलेला डायपर आणि "पहिलंच बाळ आहे का मॅडम?"

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: डायपरमधलं जेल बाळाच्या अंगावर सांडल्याबद्दल, आणि त्यावर तुमच्या हेल्पलाइनने न दिलेल्या उत्तरांबद्दल

आत्ताच फोन संपला. संपला म्हणजे तुमच्या बाईंनी ठेवला, मी नाही. म्हणून आता लेखी.

नवीन पाकिटातला एल साइजचा पँटवाला डायपर रात्री झोपताना घातला होता. पहाटे मुलगा किंचाळत उठला. बघते तर मांडीजवळचा जोड सुटलेला आणि आतलं शू शोषणारं जेल बाहेर. जांघेत, मांड्यांवर, दुपट्यावर, सगळीकडे भिजलेल्या साबुदाण्यासारखे कण. ओल दाखवणारी पिवळी रेघ निळी झाली होती, तेवढं एक काम डायपरने चोख केलं. दोन्ही मांड्या लालभडक.

ते जेल काय असतं हे मी तुम्हाला सांगायला नको, तुम्हीच भरता. मला एवढंच विचारायचं होतं की अंगाला लागलं तर काय करायचं आणि तोंडात गेलं असेल तर काय. दहा महिन्यांच्या पोराचा हात तोंडात गेलाच नाही, असं छातीठोकपणे कोण सांगणार? आमच्या डॉक्टरांनी दोन वाक्यांत उत्तर दिलं: कोमट पाण्याने धुवा, चोळू नका, तोंड आतून पुसून घ्या, किंचित पोटात गेलं तर विषारी नसतं, पण ठसका लागला किंवा उलटी झाली तर लगेच घेऊन या. ही दोन वाक्यं तुमच्या हेल्पलाइनवर कोणालाच येऊ नयेत?

त्याऐवजी काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण फोन "प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड" होतो म्हणे, पण तो कोणी ऐकत असेल असं वाटत नाही.

मी सगळं सांगितलं. पलीकडे शांतता. मग, "पहिलंच बाळ आहे का मॅडम?"

मी म्हटलं, नाही, दुसरं. का?

"नाही, पहिल्या वेळी आया जरा घाबरतात. घरात मोठं कोणी आहे का? सासूबाई वगैरे? त्यांच्याशी बोलू का?"

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात डायपर हातात धरला नाही, त्या लंगोटवाल्या. त्यांच्याशी तुम्ही काय बोलणार होता, देव जाणे. तरी मी आवाज चढवला नाही. पुढचा प्रश्न आला, डायपर किती वेळ घातला होता? रात्री दहा ते पहाटे पाच, मी म्हटलं. त्यावर अगदी समजुतीच्या सुरात, "मॅडम, सात तास म्हणजे खूपच झाले ना. एवढा वेळ ठेवायचा नसतो."

माझ्या हातात तुमचंच पाकीट होतं. त्यावर चंद्र, झोपलेलं बाळ आणि १२ तास, तेही माझ्या अंगठ्याएवढ्या अक्षरांत. मी ते वाचून दाखवलं. "ते आदर्श परिस्थितीत असतं मॅडम." आदर्श परिस्थिती म्हणजे कोणती? "ते बाळावर अवलंबून असतं." म्हणजे बाळाने शू न करणं ही तुमची आदर्श परिस्थिती दिसते. तसं पाकिटावर छापा, बाळ नसलेले लोकही विकत घेतील.

दर तीन-चार तासांनी बदलायचा आणि शी केली की तत्काळ, हे मला माहीत आहे, दिवसा तेच करते. रात्रीसाठी म्हणून तुमचं महागडं पाकीट घेतलं, ते त्या १२ आकड्यावर विश्वास ठेवून. आणि तुमच्याच पगारी बाई मला सांगतात, सात तास खूप झाले. दोघांपैकी खोटं कोण, पाकीट की बाई, ते आधी आपसात ठरवा.

संभाषणाचा कळस अजून बाकी आहे. "वापरलेला डायपर सांभाळून ठेवलाय का? तपासणीसाठी कुरियर करा. खर्च ग्राहकाने करायचा आहे." तुम्ही कधी नवी पेठेतल्या कुरियरवाल्यासमोर उभं राहून, आत काय आहे, या प्रश्नाचं उत्तर दिलंय का? फाटलेल्या जागेचा, बॅच क्रमांकाचा आणि मांड्यांचा फोटो आधीच पाठवला होता. "फोटोवरून निर्णय घेता येत नाही." बरं. फोन ठेवताच एसएमएस हजर: तुमची तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे, कृपया रेटिंग द्या.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. कापड पाणी किती शोषतं, किती धरतं, जोड कुठे उसवतो, रोज तेच बघते. परदेशातल्या गिऱ्हाइकाने लॉट परत पाठवला तर आम्ही त्याला "पहिल्यांदाच अंग पुसताय का" असं विचारत नाही. लॉट नंबर विचारतो आणि त्या लॉटचे उरलेले नग काढून तपासतो. तुमच्या बाईंनी बॅच क्रमांक स्वतःहून एकदाही विचारला नाही. पहिलं बाळ की दुसरं, हे मात्र विचारलं.

साइजचंही तेच. एम ७ ते १२ किलो, एल ९ ते १४ किलो. माझा मुलगा १० किलोचा, दोन्हीत बसतो. कुठला घ्यायचा, या प्रश्नाला मला एका फोनवर "जो बसेल तो" आणि दुसऱ्यावर "वेबसाइट पाहा" असं उत्तर मिळालं. कमरेला आणि मांडीला लाल वळ उठत असतील तर मोठा घ्या, मांडीशी फट राहत असेल तर लहान, घातल्यावर कडेची झालर बोट फिरवून बाहेर काढा, मुलगा असेल तर त्याची शूची जागा खाली वळवून ठेवा नाहीतर पुढून गळतं, हे मला सांगितलं आमच्या मेडिकलवाल्याने. तो तुमच्या पगारावर नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं आहे तर लंगोट वापरा. वापरले असते हो. उजनी धरण भरलेलं असो की रिकामं, आमच्या नळाला पाणी रोज येत नाही. साठवलेल्या पाण्यात स्वयंपाक करू की लंगोट पिळत बसू? त्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे, ओल्या डायपरमध्ये पोराचं काय होत असेल याचा विचार मुंबई-दिल्लीच्या एसी खोलीत बसून होत नसेल. सध्या आम्ही त्याला दिवसातून बराच वेळ उघडा ठेवतोय आणि डॉक्टरांनी दिलेलं झिंक ऑक्साइडचं मलम लावतोय. त्याचं बिल सोबत जोडलं आहे.

आणि टाकण्याबद्दल. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतच लिहिलं होतं की डायपर कंपन्यांनी सगळं साहित्य पुनर्प्रक्रिया करता येईल असं वापरता येतं का ते बघावं, नाहीतर प्रत्येक डायपर गुंडाळून टाकायला पिशवी द्यावी. तुमच्या पाकिटात आजवर मला एकही पिशवी सापडली नाही. आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळा देतो, तरी घंटागाडीवाला माझ्याकडे बघतो, तुमच्याकडे नाही.

मोठ्या मुलीच्या वेळीही तुमचाच ब्रँड वापरला होता. तेव्हा असं काही झालं नाही, म्हणून तर दुकानात दुसऱ्या पाकिटाकडे मी बघतही नव्हते. बाळंतिणीला भेटायला जाताना तुमचं पाकीट नेलेलं आहे मी. ते आता होणार नाही, आणि आमच्या सोसायटीत का होणार नाही ते सगळ्यांना कळलेलं आहे.

मला हवं आहे ते असं. त्या बॅचची तपासणी आणि तिचा लेखी निकाल. मलमाचे आणि पाकिटाचे पैसे. १२ तासांबद्दल तुमचं लेखी म्हणणं, सही आणि हुद्द्यासकट. आणि "पहिलंच बाळ आहे का" हे विचारणाऱ्या बाईंना नव्हे, तो प्रश्न त्यांच्या कागदावर ज्याने लिहून दिला त्याला समज.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार जाईल आणि त्यानंतर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात. फोनच्या तारखा आणि वेळा लिहून ठेवल्या आहेत. डायपर दुहेरी पिशवीत बांधून गच्चीवर ठेवला आहे, कुरियर करणार नाही. तपासायचा असेल तर माणूस पाठवा. दुपारी आलात तर नाकाला रुमाल आणा.

एक ग्राहक,
जुळे सोलापूर