तेरा मात्रांचे गाणे ‘विकाऊ’ कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रसदरात ‘जेनेसिस’ या इंग्लिश बँडवरून वाचकांत चांगलीच जुंपली आहे. एका बाजूचे म्हणणे असे की १९७५ मध्ये गायक पीटर गॅब्रिएल बाहेर पडला, १९७७ मध्ये गिटारवादक स्टीव्ह हॅकेट गेला आणि उरलेल्या तिघांनी (टोनी बँक्स की-बोर्डवर, माइक रदरफर्ड बास आणि गिटारवर, फिल कॉलिन्स ड्रम आणि गायनाला) प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचे रॉक, सोडून पैशांसाठी पॉपची वाट धरली. दुसऱ्या बाजूला जुनी वीस-वीस मिनिटांची गाणी म्हणजे नुसते विद्वत्तेचे प्रदर्शन वाटते. दोन्हीकडच्या पत्रांत गाण्यांच्या लांबीचा आणि खपाचा हिशेब भरपूर आहे. गाण्याच्या आत काय बदलले, याबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही. माझ्या मते खरा वाद तिथे आहे.

ज्या गाण्याला सर्वांत जास्त शिव्या बसल्या, तेच घेऊ. ‘टर्न इट ऑन अगेन’, १९८०, अल्बम ‘ड्यूक’. ब्रिटनच्या खपाच्या यादीत ते आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचले, म्हणून जुन्या चाहत्यांच्या लेखी ते विकाऊ. पण हे गाणे मुळात सुट्टे नव्हतेच. सहा भागांच्या एका सलग रचनेतला तो चौथा तुकडा. १९७२ च्या ‘सपर्स रेडी’ या सुमारे २३ मिनिटांच्या रचनेशी तुलना होईल, म्हणून बँडने ती रचना मोडून अल्बमभर पसरून टाकली. १९८० च्या दौऱ्यात मात्र ती सलगच वाजवली जात होती. ज्यांना ती तशी ऐकायची आहे, त्यांनी आपल्या यादीत हा क्रम लावावा: ‘बिहाइंड द लाइन्स’, ‘डचेस’, ‘गाइड व्होकल’, ‘टर्न इट ऑन अगेन’, ‘ड्यूक्स ट्रॅव्हल्स’, ‘ड्यूक्स एंड’. एकूण २८ मिनिटे होतात. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला जायला साधारण तेवढाच वेळ लागतो. अ‍ॅपमधले शफल (क्रम उलटसुलट करणे) आणि क्रॉसफेड (दोन गाणी एकमेकांत विरघळवणे) दोन्ही बंद ठेवा. क्रॉसफेड चालू राहिले तर एका भागाची अखेर दुसऱ्याच्या सुरुवातीवर चढते आणि जोड कुठे होता तेच कळत नाही. शेवटच्या भागात सुरुवातीची धून परत येते, तेव्हा मधले ते ‘पॉप’ गाणे त्या जागी का होते, हे कानाला आपोआप पटते.

आता त्याचा ताल. मुख्य आवर्तन तेरा मात्रांचे आहे, सहा अधिक सात. आपल्या हिशेबाने दादऱ्याच्या सहा आणि रूपकाच्या सात मात्रा एकापुढे एक ठेवाव्यात तसे. (तुलना फक्त मोजण्यापुरती, खाली-भरीचा इथे संबंध नाही.) एक मात्रा सोडून एक अशी टाळी देऊन पाहा. पहिल्या आवर्तनात ती १, ३, ५ वर पडेल, दुसऱ्यात २, ४, ६ वर सरकेल आणि २६ मात्रांनंतरच मूळ जागी येईल. नाचणाऱ्याचा पाय म्हणूनच प्रत्येक फेरीत चुकतो. हे गाणे बसवणारे नवे बँड हमखास चौदावी मात्रा घुसडतात, कारण ड्रमवाल्याच्या हाताला जोडीची सवय असते. त्यावर उपाय सोपा आहे. मेट्रोनोमचा, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्राचा, दर चौथ्या मात्रेवरचा जोराचा ठोका बंद करून सगळे ठोके सारखे करावेत, आधी बासवाल्याने एकट्याने ‘सहा-सात’ तोंडाने मोजत वाजवावे, ड्रम नंतर आणावेत. रेडिओवर चालावे एवढ्याच हेतूने गाणे बांधणारा माणूस अशी तेराची अडचण स्वतःहून ओढवून घेईल काय?

म्हणजे बदल झालाच नाही, असे नाही. मोठा बदल झाला, आणि त्याचे मूळ मला बँकेच्या खात्यापेक्षा वाद्यांत आणि काम करण्याच्या पद्धतीत दिसते. सत्तरच्या दशकात टोनी बँक्सकडे मेलोट्रॉन होता. त्यात प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असतो आणि तो सुमारे आठ सेकंदांत संपतो. स्वर धरून बसताच येत नाही, त्यामुळे स्वरसंघ (कॉर्ड) सतत हलता ठेवावा लागतो. ‘वॉचर ऑफ द स्काइज’ची सुरुवात ऐकली की हे लगेच कळते. पुढे अनेक स्वर एकदम आणि हवे तितका वेळ धरणारे सिंथसायझर आले आणि हा धाक गेला. दुसरी गोष्ट ठेका देणाऱ्या यंत्राची. ‘डचेस’च्या आरंभी जो बारीक, एकसुरी ठेका येतो, तो रोलँडच्या सीआर-७८ चा. १९८१ च्या ‘अ‍ॅबकॅब’पासून तिघेही सरे परगण्यातल्या आपल्या स्टुडिओत एकत्र बसून वाजवता वाजवता गाणी रचू लागले. त्याआधी बरेचसे साहित्य एकेकाने घरून बांधून आणलेले असे. यंत्राच्या न थकणाऱ्या ठेक्यावर तिघे वाजवू लागले की चारचा ताल आणि एकाच स्वरसंघावरचा मुक्काम आपसूक वाढतो. १९७३ च्या ‘फर्थ ऑफ फिफ्थ’च्या आरंभीच्या पियानोचा ताल १३/१६ आणि १५/१६, म्हणजे कधी तेरा तर कधी पंधरा बारीक मात्रांचा, असा बदलत जातो. तसले काम एकट्याने, कागदासमोर बसूनच होते.

ढोलासारखा दणकून उठणारा आणि मध्येच कापल्यासारखा थांबणारा तो ड्रमचा आवाज, ज्याला सारे ‘ऐंशीचा पॉप आवाज’ म्हणतात, तो आला कुठून? गॅब्रिएलच्याच १९८० च्या तिसऱ्या अल्बममधून, ‘इंट्रूडर’ या गाण्यातून. ध्वनियंत्रणा ह्यू पॅजमची, ड्रम फिल कॉलिन्सचे, आणि झांजा वाजवायच्या नाहीत ही अट गॅब्रिएलची. वादकांचे बोलणे ऐकण्यासाठी खोलीत लावलेल्या मायक्रोफोनवर जबर कॉम्प्रेशन (हळू आवाज वर आणि मोठा खाली दाबण्याची प्रक्रिया) होते. त्यातून खोलीचा घुमारा प्रचंड फुगला आणि नॉइज गेट या, आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद करणाऱ्या उपकरणाने तो विरण्याआधीच तोडला. हाच पॅजम पुढे जेनेसिसबरोबर काम करू लागला. गॅब्रिएल म्हणजे कला आणि कॉलिन्स म्हणजे धंदा, ही वाटणी इथेच कोसळते. जुलै १९८६ मध्ये ‘इन्व्हिजिबल टच’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते, आणि त्याला तिथून खाली ओढणारे गाणे होते गॅब्रिएलचे ‘स्लेजहॅमर’.

लांबीचा मुद्दा उठलाच आहे, तर आपल्याकडची ७८ आरपीएमची तबकडी आठवावी. एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. आपल्या गायकांनी त्यात ख्याल बसवले, नाट्यपदे बसवली. पदाची फैलावणी गेली, पण राग गेला असे कोणी म्हणत नाही.

नव्या बाजूच्या वाचकांसाठी एक सूचना. लोकलमध्ये किंवा फोनच्या स्पीकरवर ऐकून जुन्या जेनेसिसला ‘कंटाळवाणे’ ठरवू नका. तीन-तीन बारा-तारी गिटारींचे विणकाम अतिशय हळू आवाजात आहे. तुर्भ्याच्या रुळांचा खडखडाट ते पूर्ण गिळतो. १९८६ चा ‘इन्व्हिजिबल टच’ हा अल्बम मात्र आवाज खाली जाऊच देत नाही, म्हणून गाडीत तोच सरस वाटतो. रदरफर्ड पायाने वाजवतो त्या बास पेडलचे खालचे स्वर तर फोनच्या स्पीकरमधून उमटतच नाहीत. त्यामुळे ‘ड्यूक’ गाडीत ठीक चालेल, पण १९७३ चा ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ घरी, रात्री, कान झाकणाऱ्या हेडफोनवर ऐकावा. जुन्या चाहत्यांनीही एक तपासावे: आपण कोणते मिश्रण (मिक्स, म्हणजे वेगवेगळी वाद्ये एकत्र जुळवून केलेले अंतिम ध्वनिमुद्रण) ऐकतो आहोत? २००७ पासून निघालेल्या आवृत्त्या नुसत्या साफ केलेल्या नाहीत. निक डेव्हिसने मूळ ट्रॅकवरून नव्याने मिश्रण केले आहे, आणि त्यांत आवाजाची पातळीही चढी आहे. एक जण मूळ तबकडीबद्दल बोलतो, दुसरा नव्या मिश्रणाबद्दल, आणि दोघांना वाटते की आपण एकाच गाण्यावर भांडतो आहोत.

गमावले काय, तेही स्पष्ट लिहितो, कारण ते मला मनापासून सलते. गमावली ती सांधणी. एका भागातून दुसऱ्या भागात जाताना आधीच्या सुरातून पुढचा सूर उगवायचा, त्यासाठी दोन-दोन मिनिटे दिली जायची. १९८६ पासून भाग एकमेकांना नुसते चिकटवलेले वाटतात. ‘इन्व्हिजिबल टच’मधले ‘डॉमिनो’ दहा मिनिटांहून मोठे आहे. लांबी आहे, दोन भाग आहेत, कॉलिन्सचा गळा जीव ओतून गातो. पण पहिल्या भागातून दुसऱ्यात जाण्याची जागा आणि ‘ड्यूक्स ट्रॅव्हल्स’मधून ‘ड्यूक्स एंड’मध्ये जाण्याची जागा लागोपाठ ऐका. तक्रार करायची असेल, तर ती त्या दोन जागांमधल्या फरकाबद्दल करा.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)