लपलेत ना? लपू देत!

प्रिय निलू,

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. त्यातलं शेवटचं वाक्य, "आणून चूक केली का गं मी?" त्याला फोनवर दोन ओळींत काय उत्तर देणार? म्हणून आज हे सविस्तर पत्र. चहा घेऊन बस.

तीन दिवस झाले तरी दोघं गिनीपिग बाहेर यायला तयार नाहीत, तू जवळ गेलीस की दगड होतात, पिंजऱ्याची कडी वाजली की धूम ठोकतात आणि लेक रुसून बसलीये कारण तिला ते मांडीवर हवेत. हे वाचून मला हसू आलं. तुझं नाही गं, माझ्या घरी चिंगी आणि ढमी आल्या तो आठवडा आठवला.

तेव्हा मी फार शहाणपणा केला होता. कुणीतरी सांगितलं, लपायला जागा दिली तर गिनीपिग माणसाळत नाहीत, सवय व्हायला हवी. झालं, मी त्यांचं लाकडी घर उचलून कपाटावर ठेवलं. दोघी एका कोपऱ्यात अशा चिकटून बसल्या की एकीचे पाय कुठले आणि दुसरीचे कुठले कळेना. डोळे टक्क उघडे. समोर गवताचा ढीग, पण अख्खी संध्याकाळ एक काडी तोंडात गेली नाही. रात्री मला राहवेना, घर परत ठेवलं. दोघी क्षणात आत. मी दिवा घालवला आणि दाराशी उभी राहिले. वीसेक मिनिटांनी आतून आवाज आला, कुरुम, कुरुम, थांबणं, परत कुरुम. त्या आवाजानं मला काय हायसं वाटलं म्हणून सांगू!

तर पहिली गोष्ट ही की त्यांचं घर काढू नकोस. उलट आणखी एक दे. दोघांना दोन घरं, शक्य असेल तर तिसरंही, आणि प्रत्येकाला दोन दारं. एकच दार असेल तर दांडगा असतो तो दारात ठाण मांडतो आणि दुसरा आत अडकतो. विकतचंच हवं असं काही नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याला समोरासमोर दोन भोकं पाड, झालं घर. ते कुरतडतील, मग दुसरं खोकं. पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यावर जुनी चादर टाकलीस तरी त्यांना आडोसा वाटतो.

निलू, तू हे मनाला लावून घेतेयस की "त्यांना मी आवडत नाही". अगं, आवडण्या-नावडण्याचा इथे संबंधच नाही. हे प्राणी मूळचे दक्षिण अमेरिकेतले. माणसानं हजारो वर्षांपूर्वी पाळीव केले, पण अंगातली भीती गेली नाही. सगळ्यांच्या ताटात जाणारा प्राणी तो! त्याच्यासाठी वरून झेपावतं ते शिकारी पक्षी, आणि तुझा हात येतो तो वरूनच. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण समोरची वस्तू नेमकी किती लांब आहे याचा अंदाज कच्चा. म्हणून झटकन पुढे आलेली कुठलीही गोष्ट म्हणजे संकट. तू दगड होतात म्हणालीस ना, तो हट्ट नव्हे. हललो नाही तर दिसणार नाही, हा त्यांचा हिशेब.

पिंजरा कुठे ठेवलायस? फोटोत टीव्हीच्या शेजारी दिसला. तिथून हलव. आपल्याला ऐकूही येत नाहीत असे बारीक आवाज त्यांना ऐकू येतात, त्यामुळे टीव्हीशेजारी त्यांना कसली झोप लागणार? एक बाजू भिंतीला लागलेली असू दे, थेट ऊन नको, दाराचा वारा नको. १८ ते २४ अंश त्यांना बरं. उकाडा तर मुळीच सोसत नाही. आणि कुठल्यातरी मागच्या खोलीतही कोंडू नकोस. घरातली माणसं लांबून येता-जाता दिसली की हळूहळू त्यांना कळतं, ही माणसं खात नाहीत.

आता जरा गंभीर. लपू देत, पण खाणं थांबलं तर एक दिवसही वाट पाहायची नाही. त्यांचं आतडं सतत गवत येत राहील या भरवशावर चालतं. ते रिकामं राहिलं की चालच थांबते आणि मग जिवावर बेततं. बारा तासांत काही खाल्लं नाही किंवा लेंड्याच दिसल्या नाहीत, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. तोही गिनीपिग हाताळलेला, कारण पेनिसिलिनसारखी काही अँटिबायोटिक्स, जी कुत्र्याला सर्रास देतात, ती यांच्या जिवावर उठतात.

लपलेल्यांचं खाणं कळणार कसं? रात्री पिंजरा झाडून घे आणि सकाळी लेंड्या मोज. हसू नकोस, मी महिनाभर मोजल्या. जोडीला स्वयंपाकघरातला वजनकाटा. पण त्यासाठी धरायला जाऊ नकोस. ते बोगद्यात किंवा खोक्यात स्वतःहून शिरले की खोक्यासकट काट्यावर ठेव आणि नंतर खोक्याचं वजन वजा कर. आठवड्यातून एकदा, वहीत लिहून. आजार लपवण्यात हे पटाईत असतात, वजन मात्र लपत नाही.

आधीच्या घरी जे पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या, खात होते तेच काही दिवस चालू ठेव, एकदम बदलू नकोस. वाळलेलं गवत चोवीस तास समोर. दात आयुष्यभर वाढतात, ते गवतानंच झिजतात. आणि आपल्यासारखंच यांचं शरीरही क जीवनसत्त्व बनवू शकत नाही, म्हणून रोज ढोबळी मिरचीची एक फोड. पाण्यात थेंब टाकायच्या भानगडीत पडू नकोस, ते पाण्यात टिकत नाही आणि चव बदलली की पाणीच पीत नाहीत. बाय द वे, तुझ्या लेकीनं "बटाटा" आणि "भोपळा" ही नावं ठेवलीत ती झकास, पण बटाट्याला बटाटा द्यायचा नाही. कांदा-लसूणही नाही.

माणसाळवण्याचं म्हणशील तर त्यात तुला करायचं फार थोडं आहे आणि तेच अवघड जातं. रोज त्याच वेळी पिंजऱ्याजवळ जमिनीवर बस. उभी राहू नकोस, तू डोंगराएवढी दिसतेस. हात आत घालू नकोस. भाजी निवड, फोनवर बोल, काहीही कर, फक्त त्यांच्याकडे टक लावून बघू नकोस. लेकीला सांग, शाळेचा धडा तिथे बसून मोठ्यानं वाच. तिचा अभ्यास होईल आणि त्यांना आवाज ओळखीचा होईल. चार-पाच दिवसांनी हातात कोथिंबिरीची लांब काडी धर. लांबच हवी, म्हणजे त्यांना तुझ्या बोटांपर्यंत यावं लागत नाही. मग रोज थोडी आखूड.

ढमीनं पहिल्यांदा काडी घेतली तो एकोणिसावा दिवस. आधी घराच्या दारात नुसतं नाक दिसलं, ते हलतंय, मिशा थरथरताहेत. मग एक पाय. मग मान इतकी ताणली की ती रबराची झाली, मागचे पाय मात्र जागचे हलेनात. काडी धरली, हिसकली आणि उलट्या पावली आत. बाहेर फक्त दोन पानं लोंबत राहिली, तीही एक-एक करून आत ओढली गेली.

उचलायचंच झालं तर पाठलाग नको. खोक्यात शिरू दे, तिथून एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली, अंगाशी घट्ट. लेकीनं घ्यायचं ते जमिनीवर बसूनच, हातातून निसटले तर हाडं मोडतात. पाठीमागून कुल्ल्यांवर हात फिरवलेला बहुतेकांना खपत नाही, गालाशी खाजवून बघ.

दोघांत गुरगुर, कुल्ले हलवत एकमेकांभोवती डुलत चालणं, पाठीवर चढणं, हे चालेल, कोण थोरला ते ठरवताहेत. मध्ये पडू नकोस. दात कडकड वाजले तर लक्ष ठेव, रक्त दिसलं तरच वेगळं कर. डॉक्टरकडे जाशील तेव्हा दोघं खरंच नर आहेत ना तेवढं तपासून घे. विकणारे सर्रास चुकतात आणि नर तीन-चार आठवड्यांचा झाला की बाप होऊ शकतो.

आणि एक दिवस काहीही कारण नसताना त्यातला एक जागच्या जागी उडेल, हवेतच अंग पिळून, तव्यावर लाही फुटावी तसा. घाबरू नकोस, फिट नाही ती, आनंद झालाय त्याला. माझ्याकडे ढमी उडायची. चिंगीला चार वर्षांत मांडी कधी आवडली नाही. भाजीची पिशवी वाजली की घर डोक्यावर घ्यायची, पण धरायला गेलं की पसार. आम्ही मग तिला धरायचं सोडूनच दिलं.

उद्या सकाळी लेंड्या मोजून मला आकडा कळव. फोटो नको गं, आकडा पुरे.

तुझी,
वसू